पलंगाखालचं गाठोडं

—आगं तिथं नको, तिथं नको टेकू, त्या गादीत टाचन्या हायत. हिकडं ये, ह्या स्टुलावर बस. थांब, वरच्या ब्लाऊजांच्या गळ्याच्या पट्ट्या उचलते. पिशवी ठिव खाली, ठिव कुठंबी — आता कुठं काय ठिवायचं ह्याला नियमच उरला न्हाई ह्या खोलीत. सकाळधरनं आमच्या ज्ञानेश्वरीनं आवरायला घेतलंय. माझी सून गं, मगाशी दारात तुला पानी दिलं न्हवं, पदर खोचलेली — हां, तीच. तिनं मोबाईलवर कुनाचं तरी बघितलं, घर कसं आवरायचं ते. तीन ढीग करायचे म्हनं. एक ठिवायचा, एक द्यायचा, एक टाकायचा. आन ज्याला वरीसभर हात लागला न्हाई ते सरळ टाकायचं. म्या म्हनलं, तुझ्या सासऱ्याच्या फोटूलाबी दिवाळीशिवाय हात लागत न्हाई, त्योबी टाक मंग. तर हसती नुसती. तिला राग येत न्हाई, हीच तर पंचाईत हाय. भांडनारी असती तर म्या कवाच जिंकले असते.

तुझं ब्लाऊज ना? हाय की. हाय म्हंजे काय, असनारच. काल इचारलं असतंस तर हात घालून काढून दिलं असतं, पन आज तिनं सगळं हिकडचं तिकडं केलंय. लग्न गुरवारी ना तुझं? आज शनवार. मंग लई दिस हायत गं, एवढं काय तोंड करती. तुझ्या आईला तर मी दिवाळीच्या आदल्या दिशी द्यायची, हूक लावता लावता, आन त्या, आमच्या नीलांबरीबाई, ह्याच स्टुलावर वह्या तपासत बसायच्या. साऱ्या देवळालीला शिकवलं त्यांनी, पन माझ्यापुढं कधी बाईपना केला न्हाई. तीस वर्सं माझ्याकडंच कापड. बाजारात दुकानवाले शिंपी हुते, आरसे लावलेले — बाई कधी गेल्या न्हाईत. त्यांचं माप सांगू? छाती छत्तीस, बाही साडेनऊ, पाठीचा गळा सात. सातच्या खाली एक बोट न्हाई, मी फळ्याकडं तोंड करून उभी ऱ्हाते चांगुणा, म्हनायच्या, मागं साठ पोरं बसलेली असत्यात. तुझं पहिलं झबलंबी ह्याच मशीनवरचं, बाईंच्या जुन्या परकराचं. तुला कुठनं आठवनार.

आता ह्ये बघ, ह्यो ढीग. ही सगळी मापाची ब्लाऊजं. आमच्याकडं टेप लावून कोन माप देतं गं? बाया जुनं ब्लाऊज टाकत्यात, 'ह्याच्यासारखं शिवा, बगलंत बोटभर सैल' — झालं माप. नवं घिऊन जात्यात आन जुनं माझ्याकडं ऱ्हातं. चाळीस वर्सांचं राहिलंय. ह्यातल्या निम्म्या बाया आता ह्यात मावायच्या न्हाईत, आन काय तर राहिल्याच न्हाईत. ज्ञानेश्वरी म्हनती, द्यायच्या ढिगात टाकू. कुनाला द्यायचं? वर जाऊन द्यायचं का? आन ह्ये पोतं — उचल जरा, बघ किती हलकं हाय — ह्ये सगळे ओटीचे खन. ह्या वरसात दुसरं काय येतच न्हाई. चकचकीत, पातळ, सुई लागली की सरकतंय. हिनं तिच्या ओटीत घालायचं, तिनं तिसरीच्या, असं गावभर फिरून फिरून घड्या पडल्या की मंग माझ्याकडं शिवायला. सुती न्हाई, रेशमी न्हाई, भारी साडीवरचं तर एक न्हाई. म्या ज्ञानेश्वरीला म्हनलंबी, ऊस पिकतोय, बंगले होत्यात, आन बायांचा कापडात हात कसा आखडला गं एवढा? तर ती पोत्याचं तोंड बांधाय लागली.

—ए! त्या गाठुड्याला नको हात लावू! ठिव. ठिव म्हनते ना आत.

घाबरलीस व्हय. काय न्हाई गं, चिंध्या हायत त्यात. गोधडीच्या. धूळ लई हाय, तुझ्या ड्रेसला लागंल. वरडले, चुकलं माझं. च्या टाकायला सांगू का? नको? बरं. त्याचं काय झालं भार्गवी, मधी मशीनचं काम निघालं, आठ दिस मशीन बंद हुतं. आन मंग माझी भाची आली हुती, तिनं जाताना चुकून दुसऱ्याचंच एक उचललं, तर म्या तिला फोन केलाय, की बघ बाई तुझ्या पिशवीत एक शालूवरचं — तशी ती म्हनली बघते. म्हंजे तिच्याकडं असंल न्हाईतर हितं असंल. दोन्हीतनं कुठं जातंय? तू असं कर, सोमवारी ये. न्हाईतर मीच पाठवून दिते, तू कशाला हेलपाटा — काय?

न्हाई, तसं न्हाई. आगं रडू नको. रडू नको गं माजे बाय. मला ठाव हाय ते दुसरं मिळायचं न्हाई. माझ्याइतकं कुनाला ठाव हाय? बाईंच्या लग्नातला शालू, त्यालाच जोडून आलेलं पीस. तवा त्यांच्या सासूनं जांभळं ब्लाऊज घालायला लावलं, मंग ह्ये त्यांनी कापलंच न्हाई, तसंच ठिवलं साडीला. दोन वर्सं झाली बाईंना जाऊन. जायच्या आधी तुला म्हनल्या, ह्ये चांगुणाच शिवील. तूच सांगितलंस मला, हितं उभं राहून. त्यावर मी काय म्हनायला पायजे हुतं, सांग? न्हाई म्हनायला पायजे हुतं. तेवढा एक शब्द. त्यो निघाला न्हाई.

दार लोट. लोट पहिलं. आता वड ते गाठुडं.

सोड गाठ. सुटत न्हाई? कातर घे. काप. — बघ. बघून घे सगळं. ह्ये पवारांच्या सुनेचं, पाठीचा गळा पुढं लावला. ह्ये कुनाचं, हिरवं, ह्याला दोरा तपकिरी लागला, मला काळा-हिरवा दिसला. ह्ये गळ्यात फाटलं. ह्ये — ह्ये नको उघडू. दीड वरसाचं हाय ह्ये सगळं. जे बिघडलं ते हितं घातलं. त्या बायांना काय सांगितलं? जे तुला सांगत हुते तेच. मशीन, भाची, सोमवार. काय जनींना म्या राहुरीवरनं तसंच कापड आनून दुसरं शिवून दिलं, कळलं न्हाई त्यांना. काय जनी दोनदा आल्या, तिसऱ्यांदा आल्याच न्हाईत. झाकली मूठ म्हनत म्हनत दीड वरीस काढलं. आन म्हनून ही खोली मला मोकळी करायची नव्हती, कळलं? पसारा हुता तवर 'सापडत न्हाई' म्हनता येत हुतं. आवरलेल्या खोलीत कसं म्हनू सापडत न्हाई?

डोळे गं. शुगरनं. नगरला दाखवलं गेल्या पावसाळ्यात, यष्टीनं एकटीच गेल्ते, घरी सांगितलं देवाला जाते. डागदर म्हनला पडद्याला लागलंय, गेलं तेवढं परत यायचं न्हाई, हाय तेवढं सांभाळा. मधोमध मळकट दिसतं, कडंकडंनं दिसतं. तुझं तोंड दिसत न्हाई मला आत्ता. कानातलं दिसतंय, हलतंय ते. रडतीस त्ये आवाजावरनं कळलं. म्या म्हनलं डोळे गेले तर गेले, बोटं हायत, कापडाची सुलट कुठली आन उलट कुठली ते मला बोटाला कळायचं, दिवे गेले तरी कापायची मी. तर बोटाची शेंडंबी बधिर. चटका बसला तरी मागनं कळतंय.

ह्ये तुझं. ह्ये पिवळ्या फडक्यातलं. घाल बाहीत हात. ह्या न्हवं, उजव्या. — व्हय. वडतंय ना पुढनं? बाहीचा पुढचा भाग जास्ती खोल कापायचा आस्तो, मागचा कमी. म्हनून एक बाही कापली की दुसरीला कापड उलटं टाकायचं. शिकाऊ पोरीबी चुकत न्हाईत, पहिल्या दिशी शिकवत्यात. म्या दोन्ही डाव्या कापल्या. अस्तर लावलं, हूक लावले, बाईंसाठी लावायची तसे दुहेरी दोऱ्यानं लावले, आन सगळं झाल्यावर हात फिरवला तवा कळलं. उसवलं. उलटी लावून बघितली, तर जरीची खराब बाजू वर. परत उसवलं, पहिल्यासारखी लावली. आता जरीला भोकं पडलीत, उजेडाला धर, चाळनी झालीया. मुंढाबी, बगलंची गोलाई गं, खोल गेला त्या नादात. बिनबाह्याचं? आईच्या शालूवर बिनबाह्याचं घालशील तू? घालशील म्हन, माझ्यासाठी म्हनशील. पन न्हाई बसायचं गं, काखंत उघडं पडंल. म्या तेबी करून बघितलंय. काय करायचं राहिलं न्हाई.

काय म्हनलीस? परत बोल. कोन म्हनलं? तुझी काकू?

'चांगुणाबाईकडं भारी कापड टाकायचं नसतं.' असं म्हनली. तुला कवा म्हनली — परवा. म्हंजे तू टाकून गेलीस त्याच्यानंतर. आन तिला कवापासनं ठाव हाय? दिवाळीपासनं? कुठली दिवाळी, ही का मागची?

मागची.

मंग ती मला खन का देती शिवायला? परवाच दोन दिलेत तिनं. पवारांची सून देती. जोशांच्या बाई देत्यात, त्या तर शिवलेलं नेऊन घालतबी न्हाईत, अंगावर दिसलंच न्हाई मला कधी — दिसनार कसं म्हना. म्हंजे — थांब, मला नीट लावू दे. त्यांना ठाव हाय. सगळ्यांना ठाव हाय. आन बिघडलं तरी चालंल असं कापड त्या मुद्दाम माझ्याकडं आनून टाकत्यात, आन शिलाई देत्यात, आन म्हनत्यात 'छान बसलं हो मावशी.' आन मी त्यांना कंजूस म्हनत हुते. जिभंला काय हाड. म्हंजे दीड वरीस मी शिवत नव्हते, गाव मला गुतवून ठिवत हुतं, पोराला पाटीवर रेघोट्या वडायला बसवत्यात तसं. आगं एकीनं तरी यिऊन भांडायचं हुतं. तोंडावर मारायचं ते ब्लाऊज. म्या भरून दिलं असतं, कापडाचं कापड दिलं असतं, कातर ठिवली असती, पन शिंपीन म्हनून ठिवली असती. एक तूच पुन्याला हुतीस, तुलाच कळलं न्हाई, तूच खरं कापड दिलंस.

आन ज्ञानेश्वरी. सकाळधरनं माळ्यावरचं काढलं, कपाटामागचं काढलं, पलंगाखालनं झाडू मारला. म्या बाहेर बसून कान लावून हुते. ह्ये एवढं गाठुडं तिनं बाहेर घेतलं, खालचं झाडलं, आन परत हुतं तिथं सरकवून ठिवलं. कुठल्याच ढिगात घातलं न्हाई.

न्हाई, तू काय बोलू नको. बोलशील आन गोड बोलशील, बाईंची पोर हायेस. ऐक, सोनईला जा. तिथं पेठंत एक पोरगी हाय, हात चांगला हाय तिचा, नाव इचार, कोनबी सांगंल. साडीचा काठ आतनं किती दुमडून दाबलाय बघायला सांग, तिथनं टीचभर निघालं तर बाहीला जोड देता येतीय का बघंल ती. मला वाटत न्हाई निघंल. पन बघंल. कुनी बिघडवलं इचारलं तर सांग. नाव सांग माझं. आता काय झाकायचंय?

जा. जाताना ज्ञानेश्वरीला म्हनावं, पोती घिऊन ये, आन ही खोली पार मोकळी कर, मशीनबी. मी तवर मागं गोठ्याकडं जाऊन बसते, माझ्यापुढं नको काढू म्हनावं.

हात नको धरू. नको म्हनते ना. घर माझं हाय, पायाला ठाव हाय. तू जा.