सोन्याच्या साखळीतला देव

रागावलास तर रागाव, पण आधी ऐकून घे – साखळी सोन्याची आहे, देवा! लोखंडाची आणायला निघाले होते मेले, मीच म्हटलं, अरे, देव आहे तो, चोर आहे का? आता तू म्हणशील, मग बांधलंत कशाला. तर बाबा, एकाला स्वप्न पडलं ना, की तू उठून आमचं सोर शहर सोडून चाललायस! आणि खोटं कशाला बोलू, तुझ्यावर आमचा पहिल्यापासून संशय. तू मुळातला ग्रीक – कार्थेज वसवलेल्या आमच्या पोरांनी तुझी मूर्ती लुटीत उचलून आणली आणि माहेरी, इथं, भेट म्हणून पाठवली. आणि आता वेढा घालून बसलाय तो पोरगेला राजाही ग्रीकच. जातीसाठी खावी माती, काय? म्हणून तुला आमच्या ग्रामदेवाच्या, मेल्कार्तच्या, वेदीला बांधलं. सभेत मीच उभा राहिलो – मी, बालयातोन, जांभळ्या कापडाचा व्यापारी – आणि गरजलो, "संकटात जो गाव सोडेल, तो देव असो की माणूस, त्याला साखळी घाला!" काय टाळ्या पडल्या म्हणतोस! त्याच झपाट्यात बंदराच्या तोंडालाही साखळी ओढायचं ठरलं – ना शत्रूचं जहाज आत, ना आपलं बाहेर. टाळ्या पडल्या की माणसाला भान राहत नाही बघ.

हसू नकोस. तो यहुदी म्हातारा शल्लूम हसतो तेवढं पुरे. दरवर्षी मध विकायला यायचा आणि दरवर्षी तेच तुणतुणं – आमचा संदेष्टा सांगून गेलाय, सोरचे दगड, लाकडं, माती पाण्यात टाकतील, नुसता खडक उरेल, त्यावर कोळी जाळी वाळवतील. मी म्हणायचो, शल्लूमबाबा, तुमचं यरुशलेम पडलं तेव्हा आमचे पणजे हसले, ते अजून झोंबतंय होय तुम्हाला? आम्ही राहतो बेटावर, चहूकडे पाणी, दगड टाकायला येणार कोण – मासे? सगळी पेठ खोखो हसायची, आणि त्या गडबडीत मी मधाचा भाव पाडून घ्यायचो.

आणि आता? त्या राजाचे शिपाई किनाऱ्यावरचं आमचं जुनं गाव पाडून त्याचेच दगड, त्याचीच लाकडं, त्याचीच माती समुद्रात ओततायत – बांध घालत थेट आमच्या तटापर्यंत! त्या दिवशी तटावर उभे होतो, तर चार शिपाई दाराची एक चौकट ओढत आणतायत. बायको म्हणाली, "अहो, ही आपल्या वखारीची." मी म्हटलं, "छे, आपली केवढी मोठी होती!" आपलीच होती. आमच्या अरिशतनं लहानपणी तिच्यावर मासा कोरला होता, वेडावाकडा, एका डोळ्याचा – मार खाल्ला होता पोरीनं त्यासाठी. पाण्यात टाकली त्यांनी ती.

घाबरलो नाही हं मी! बायकापोरांना कार्थेजला धाडलं ते सगळ्यांनीच धाडलं. अरिशतचे दिवस भरत आलेत, पहिलटकरीण आहे. जहाजात चढताना माझा हात सोडेचना. "बाबा, बाळ बघायला याल ना?" म्हटलं, येतो की. बापानं शब्द दिला तर पाळायला नको? आज दिवे लागायच्या आधी शेवटचं जहाज निघतंय. कापडाचे गठ्ठे पोचवायचेत, तेवढंच. आता व्यापाराला जाणं म्हणजे काही गाव सोडणं नव्हे! पळून जाणं वेगळं, कामाला जाणं वेगळं, एवढं तुला कळत नसेल तर तू देव कसला? आणि कुणीतरी इथं थांबायला हवंच ना. तू थांब. तुला खजूर आणलेत, उत्तम आहेत, घे. येतो मी. बरं, निघतो.

काय खळखळलं? तू हललास का रे? नाही… तू तर गप्प उभा आहेस. बंदराकडून येतंय ते. अरे, पण बंदराची साखळी उद्या ओढायची होती! उद्याच ठरलं होतं – म्हणजे आधी उद्याच होतं, मग कुणीतरी ओरडलं, उद्या कशाला, आजच ओढा, आणि पुन्हा टाळ्या –

मीच ओरडलो होतो.

अरिशत, बाळा गं…

सरक थोडा, देवा. मला बसू दे.