उघडा तळहात

बायको : त्या खुर्चीवर नका बसू, साहेब. तिचा एक पाय लंगडा आहे. पडलात तर उद्या पेपरात येईल.

साहेब : मग कुठे बसू, वहिनी?

बायको : कॉटवर बसा. पण चहा मिळणार नाही, आधीच सांगते. तुम्ही कशाला आलात ते मला कळलंय.

डुप्लिकेट : अगं, दारी आलेल्या माणसाला असं...

बायको : तुम्ही गप्प बसा. उभा जन्म यांच्या जागी पडलात. जिन्यावरून पडलात, जीपवरून पडलात, छपरावरून पडलात. हिरो हे आणि हाडं तुमची. मी कधी चकार शब्द काढला? आज काढणार.

साहेब : काढा, वहिनी. ऐकायलाच आलोय.

बायको : सिनेमाचा दुसरा भाग निघतोय म्हणे.

साहेब : निघतोय.

बायको : आणि त्यात परत तसंच पडायचं. परत तोच तळहात.

साहेब : निर्माता तर म्हणतो, तळहात नसेल तर दुसरा भागच नको.

बायको : म्हणेल नाही तर काय! मी बसस्टॉपवर उभी होते. समोर हे भलंमोठं पोस्टर. नाव तुमचं, पण पाठमोरे पडलेले आमचे हे, सगळीकडे रक्त, आणि एक हात जमिनीवर उघडा. हातातली पिशवी खाली ठेवली आणि मी तिथेच बसले. शेजारची बाई विचारते, चक्कर आली का? तिला काय सांगू? की तो हात माझ्या नवऱ्याचा आहे, आणि तो 'थांबवा' म्हणतोय?

साहेब : तुम्ही लगेच ओळखलंत.

बायको : नाही कशी ओळखणार? लग्न झाल्यापासून या घरात तीच खूण चालते. मूठ म्हणजे ठीक आहे, चालू दे. उघडा तळहात म्हणजे लागलंय, थांबवा. आमची भांडणंसुद्धा तशीच मिटायची. मी तोंड सोडलं की हे तळहात दाखवायचे, आणि मी गप्प.

डुप्लिकेट : लगेच नाही. अजून दोन वाक्यं ऐकवून मग.

बायको : आणि घरी येऊन मला काय सांगितलंत? जरा लचकलंय. बरगड्या मोडल्या, खांदा गेला, मणका सरकला, याला लचकणं म्हणतात! अजून डावा हात वर जात नाही. शर्ट मी घालते यांना.

साहेब : मी तेव्हा सेटवर नव्हतो, वहिनी. गुडघे सुजले होते. गाडीत पाय वर करून पडलो होतो.

डुप्लिकेट : साहेबांचा काही दोष नाही. मूर्खपणा माझा. ती खूण आपल्या जुन्या फाइट-मास्तरांनी बसवलेली. ते असते तर तिथल्या तिथे 'कट' ओरडले असते. पण मास्तर गेले. आता फाइट बसवायला नवा पोरगेला माणूस. त्याच्या कानात वायर, डोळे मॉनिटरवर. मी त्याला खूण सांगितलीच नाही. म्हटलं, यात सांगायचं काय? फाइटवाल्याला एवढं माहीत असणारच. पडलो, कळ आली, सवयीने तळहात उघडला. तो वाचणारं तिथे कुणी उरलंच नव्हतं.

साहेब : आणि तू पडून राहिलास.

डुप्लिकेट : वाट बघितली. कुणी येईना. मग काय करणार? उठलो. त्याच हातावर जोर देऊन. तर तो पोरगा धावत आला आणि मला मिठीच मारली. म्हणतो, काका, काय अ‍ॅक्टिंग केलीत! यातलं काही कापणार नाही. बरगडी मोडलेली आणि वरून मिठी!

बायको : हसता काय? लाज नाही वाटत?

साहेब : पहिल्या खेळाला मी मागच्या रांगेत जाऊन बसलो होतो, वहिनी. अंधारात. अर्धा सिनेमा लोक गप्प. म्हटलं, संपलं आपलं. आधी दुकानांच्या फिती कापत होतो, पुढे तेही बोलावणं बंद झालेलं. आणि मग तो तळहात उघडला. हा उठायला लागला तशी एक शिट्टी आली. मग अख्खं थिएटर उभं राहिलं, हात वर करून, तळहात उघडे. सगळे माझ्या नावाने ओरडत होते. त्या खुणेचा अर्थ माहीत असलेला मी एकटा. मला दरदरून घाम फुटला.

बायको : घाम पुसून मुलाखती दिल्यातच की.

साहेब : दिल्या.

बायको : त्यात यांचं नाव?

साहेब : नाही घेतलं.

बायको : मग आता कुठल्या तोंडाने यांना न्यायला आलात?

साहेब : न्यायला नाही आलो. नको म्हणायला आलोय. याने ऑफिसात फोन केला, की दुसऱ्या भागात पडायला तयार आहे. तुम्हाला... बोलला नाही का हा?

बायको : अहो, खरं आहे हे?

डुप्लिकेट : केला फोन.

बायको : डॉक्टर काय म्हणाले होते? माझ्यासमोर म्हणाले होते.

डुप्लिकेट : पुन्हा पडलात तर कायमचे अंथरुणाला खिळाल.

बायको : मग?

डुप्लिकेट : मी सिनेमा बघून आलो. तुला न सांगता, दुपारच्या खेळाला. जन्मात कधी आपलं काम बघितलं नव्हतं. मास्तर म्हणायचे, पडणाऱ्याने आपलं पडणं बघू नये, भीती बसते. शेजारी माझ्याच वयाचा एक माणूस होता. कारखान्याचा निळा शर्ट, बोटं तेलाने काळी. पडद्यावर माणसं भाजीसारखी कापली जात होती आणि हा पेंगत होता. मी पडलो तसा सावरून बसला. मी उठायला लागलो, तर हळूच म्हणतोय, ऊठ. ऊठ बाबा. डोळ्यांतून पाणी. अगं, आजवर मी पडायचो आणि टाळ्या साहेबांना पडायच्या. तो माणूस मला ऊठ म्हणत होता. मला ते परत ऐकायचं होतं. दुसरं काही नाही.

बायको : आणि नाही उठलात तर? तो निळ्या शर्टवाला येणार आहे तुमची कूस बदलायला?

साहेब : वहिनींचं खरं आहे. मी उद्याच सांगून टाकतो, दुसरा भाग करत नाही म्हणून.

डुप्लिकेट : आणि परत फितींची वाट बघणार? साहेब, फोन वाजला की आधी पाणी पिऊन मग उचलायचात तुम्ही, आवाज नीट यावा म्हणून. मी बघितलंय.

साहेब : मग दुसरा कुणी आणू? एखादा जवान पोरगा?

डुप्लिकेट : जवान पोरगा चटकन उठेल. चटकन उठणाऱ्याला कोण ऊठ म्हणेल? तुम्ही पडा.

साहेब : मी?

डुप्लिकेट : तुम्हीच. उंचावरून नाही. उभ्याने गुडघ्यावर, गुडघ्यावरून कुशीवर, खाली गादी. एवढं मी शिकवतो.

साहेब : म्हातारा दिसेन रे मी.

बायको : आत्ता काय फार कोवळे दिसताय?

डुप्लिकेट : दिसू दे. मारामाऱ्यांना बाजारात काय तोटा आहे? लोक म्हाताऱ्याचं उठणं बघायला येतात. कॅमेऱ्याशेजारी मी उभा राहतो. त्या पोरालाही खूण शिकवतो.

साहेब : पण शॉटमध्ये तळहात उघडायचाच आहे. मला खरंच लागलं तर?

डुप्लिकेट : मग उलटं करू. तळहात आता लोकांचा झाला. तुम्हाला खरं लागलं, तर मूठ आवळा.

बायको : आपल्या दोघांत मात्र जुनीच खूण राहील.

डुप्लिकेट : आपल्यात जुनीच.

बायको : आणि यांचं नाव, साहेब?

साहेब : पडदा उजळला की आधी याचं. मगच माझं. शब्द देतो.

बायको : शब्द ठेवा खिशात. आधी पडून दाखवा. उठा, कॉटवरची गादी काढायचीय मला.

(गादी जमिनीवर अंथरली जाते.)

डुप्लिकेट : घाबरू नका. हनुवटी छातीला लावा. गुडघे टेका. हां. आता श्वास सोडा आणि अंग सैल सोडून कुशीवर या. हात पुढे नका टेकू. असं... असं...

साहेब : आई गं!

डुप्लिकेट : छान. अगदी छान. कसं वाटतंय?

बायको : विचारता काय? मूठ बघा त्यांची!

डुप्लिकेट : अरे देवा. साहेब, थांबा, मी... मला वाकता येत नाही गं.

बायको : सरका तुम्ही. मी आहे ना. द्या, साहेब, हात द्या. धरलाय मी. घाई नाही कसली. उठा. उठा, साहेब.