पापलेटांखालचं इन्सुलिन

या, जवळ सरकून बसा. बुवा कीर्तनाला उभे राहीपर्यंत औषधाच्या दुकानात ऐकलेली गोष्ट सांगते. रांगेत माझ्यापुढे दिवाळे गावची मासेवाली सुंदराबाई, काउंटरमागे फार्मासिस्ट गीतांजली.

“नवऱ्याची शुगर उतरत नाय. तुजं इन्सुलिन शिळं हाय!”

“मावशी, घरी ठेवता कुठं?”

“बर्फात, पापलेटांच्या खाली. आमच्या बर्फात काय बी खराब होत नाय.”

“गोठतं का?”

“दगडावानी!”

“मग ते फुकट गेलं. एकदा गोठलेलं इन्सुलिन काम करत नाही.”

“अगो बाय! म्हंजे रोज मीच त्यांना पानी टोचलं?”

“रडू नका. ही नवी बाटली फ्रिजच्या मधल्या कप्प्यात ठेवा. आणि त्यांना आजच डॉक्टरांकडे न्या.”

“आत्ताच नेते. उद्या तुला पापलेट आनते.”

“आणा. ते मात्र बर्फातच ठेवा.”

मंडळी, आज आरतीला हात जोडाल तेव्हा सुंदराबाईच्या नवऱ्याची आठवण असू द्या.