सहीखालचं नाव

"हॅलो?… हॅलो, तनू? अगं बोल ना, येतंय ऐकू. … काही नाही, रविवार आहे, गवार निवडतेय. … हो, एकटीच. तुला आत्ता कसा वेळ मिळाला?"

रतनबाईंनी ताट बाजूला सारलं. लेक फ्रान्समध्ये शिकायला, फोन आठवड्यातून एकदा, तोही संध्याकाळी. आज भरदुपारी आला म्हणजे काहीतरी बिनसलंय, हे वारज्याच्या कॉलेजात तीस वर्षं काढलेल्या उपप्राचार्य बाईंना वेगळं सांगावं लागत नाही.

"मोर्चा? आज?… हो गं, सांगितलं होतंस. शाळेत पोरींच्या डोक्यावर रुमाल चालत नाही, त्याविरुद्ध. … पण तू परक्या देशात, विद्यार्थी व्हिसावर! पोलिसांनी धरलं तर?… हो, हो… अगं ऐक ना… बरं बाई, जा. दे घोषणा. … टोमणा कसला? तुमच्या तिथं काढ म्हणतात, दुसऱ्या देशात घाल म्हणतात, नाही घातलं तर तुरुंग. पोरीला विचारायची पद्धत कुठेच दिसत नाही. … काय?… कुठलं परिपत्रक?"

गवारीची शेंग हातात तशीच राहिली.

"तुला कुणी पाठवलं?… तिकडच्या ग्रुपवर? आमच्या वारज्याचं, हिजाबबंदीचं परिपत्रक?… हो. … हो, माझीच सही आहे. शिस्त समिती माझ्याकडे. मग सही काय शिपायानं करायची?"

तोंडातून तिखट उत्तर गेलं खरं, पण शेंग त्यांनी न मोडताच ताटात टाकली.

"ओरडू नकोस, आधी ऐक. मसुदा संस्थेकडून तयारच आला होता. मी नसती केली तर दुसऱ्या कुणी केली असती, आणि त्यानं पोरींना गेटवरूनच परत पाठवलं असतं. मी निदान सोय केली. … सोय म्हणजे माझ्या केबिनमधलं कपाट. सकाळी हिजाब काढून तिथं ठेवायचा, टोकन घ्यायचं. दुपारी टोकन दिलं की परत. … हो. चपलांच्या स्टँडसारखं. म्हण तू. … अकरा पोरी होत्या. … होत्या म्हणजे… आता दहा आहेत."

चार दिवस ही गोष्ट रतनबाईंनी कुणाजवळ काढली नव्हती. कुणाला सांगणार? स्टाफरूममध्ये सांगावी तर उद्या चहाबरोबर वाटली जाईल.

"तहसीन. तहसीन बागवान, दुसऱ्या वर्षाची. … बुधवारी मला मीटिंगला शहराच्या दुसऱ्या टोकाला, मांजरी गावात जावं लागलं, आणि कपाटाची किल्ली माझ्या पर्समध्ये. … विसरले गं! मुद्दाम कोण करेल?… फोन बंद होता, मीटिंगमध्ये. … बाकीच्यांनी ओढण्या घेतल्या डोक्यावरून आणि गेल्या. हिच्याकडे ओढणी नव्हती. संध्याकाळपर्यंत वर्गात बसून राहिली. … नाही, रडत नव्हती. शिपाईमामा म्हणाले, भिंतीकडे तोंड करून बसली होती. आणि बाहेर पार्किंगमध्ये हिजाब न घालणाऱ्या पोरी ऊन-धूळ नको म्हणून तोंडाला स्कार्फ गुंडाळून गाड्या काढत होत्या! डोळे तेवढे दिसतात त्यांचे. आपल्या पुण्यात त्यांना कोण अडवतंय?… काल वडील आले होते, दाखला मागायला. … दिला. … अगं, काय तोंडानं नाही म्हणू? 'मॅडम, तुमच्या भरवशावर पाठवत होतो,' एवढंच म्हणाले. वर नमस्कार करून गेले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं."

पलीकडे लेक बराच वेळ बोलत होती.

"हं. … हं. … तुझ्या पणजीची गोष्ट सांगणार मोर्च्यात? सांग की. पण नीट सांग, पाण्याच्या सत्याग्रहातली नाही ती, नंतरच्या परिषदेतली. महाडलाच. बाबासाहेब म्हणाले, बायांनो, लुगडं घोट्यापर्यंत नेसा. माझी आजी दुसऱ्या दिवशी तशीच नेसून उभी राहिली. गावात परतल्यावर वरच्या जातीच्या लोकांनी फेडायला सांगितलं, तर पाठीवर वळ घेतले, पण लुगडं गुडघ्यावर नाही नेलं. … हो, जरूर सांग. पण तनू, पुढचंही सांग. त्याच बाईच्या नातीनं पोरींच्या हातात टोकनं दिली. … नाही, खरंच म्हणतेय. नाव घे माझं. 'माझी आई' म्हणून घे. … मी चुकले, आणि हे मी इथं कुणासमोर बोलू शकत नाही गं. तू तिथं बोल. …

नाव का नको?… तनू?… कुणी विचारलं?… बरोबर आहे, सहीखाली ओव्हाळ आणि तूही ओव्हाळ, ही तुझी कोण म्हणून ग्रुपवर विचारणारच. मग काय सांगितलंस?… अगं, बोल."

लेक जे म्हणाली ते रतनबाईंना नीट ऐकू आलं होतं. तरी त्यांनी पुन्हा विचारलं.

"लांबची नातेवाईक, असंही नाही?… कोणीच नाही म्हणालीस."

गॅसवर कुकरची शिट्टी झाली. त्या उठल्या नाहीत.

"रडू नकोस. … अगं, रडतेस काय वेड्यासारखी? मोर्च्याला जायचंय ना… नाही, रागावले नाही. … खरंच नाही. तुझ्या जागी मी असते तर मीही हेच सांगितलं असतं. … थंडी असेल, कोट घालून जा. … हो. … हो गं. ठेवते मी."

आजवर कधी झालं नव्हतं, पण फोन आधी आईनं ठेवला.