खिशात आलेली पिन

हॅलो? अहो, उचलता का नाही फोन? सहाव्यांदा लावतेय!… माहितीये, मॅच सुरू व्हायचीय, टीव्ही समोरच आहे माझ्या. आधी ऐका. दुपारी घरी येऊन बदललीत ती तुमची सकाळची पँट धुवायला घेतली, तर खिशात लोखंडी पिन निघाली… हो, हो, स्टेडियममधल्या जमिनीच्या लाकडी फळ्या जिनं एकमेकींना जोडता ना, तीच.

जादाची कशी असेल? जादाच्या पेटीतच राहतात, तुम्हीच सांगत असता चारचौघांत! मग ही घरी चालत आली?

आठवा जरा. कालच्या गाण्यांचं स्टेज काढलं, सकाळी तुम्ही बास्केटबॉलच्या फळ्या टाकायला घेतल्या, आणि नऊला… अगं बाई! नऊला मीच फोन केला होता. कपाटाची किल्ली विचारायला. पिन खिशात टाकून फोन घेतला असणार तुम्ही… बघा! आठवलं ना?

कुठे होतात तेव्हा?… माहीत नाही काय! बास्केटच्या बरोब्बर खाली बसलोय, लवकर बोल, असं खेकसलात की माझ्यावर… कुठलं बास्केट?… स्कोअरबोर्डाकडचं. अहो, पोरी उड्या मारून तिथंच उतरतात! ही बघा, सरावातच उतरली एक लाल कपड्यांतली.

काय?… एका पिनेनं काही होत नाही? मग शेकड्यांनी लावता कशाला?… ओरडत नाहीये मी!

हं… हं… माहितीये, मागच्याच महिन्यात साहेबांनी ताकीद दिलीय. नोकरी जाईल, हेच ना? गेली तर गेली… म्हणजे, जाऊ नये हो. मलाही भीती वाटतेय. पण कुणाच्या पोरीचा पाय मोडला, तर तुम्हाला घास गिळवेल? मला नाही गिळवणार.

साहेब सापडत नाहीत? मग सरळ आत जा… असू देत दहा हजार माणसं! खातायत का ती तुम्हाला? अहो, पंच चेंडू घेऊन मध्ये आले! हॅलो?…

अगं बाई… ते तुम्हीच का? निळ्या शर्टात, फोन कानाला, दुसरा हात वर केलेला? थांबले. सगळे थांबले हो! लोक हुर्यो करतायत, करू देत. वर बघू नका. अजून पुढे… अजून… हां, वाका. दाबून बघा.

कड वर आली! नुसत्या हातानं फळी दाबली तर तिची दुसरीकडची कड वर आली!… मी नाही रडत, तुम्हीच रडताय.

थांबा, साहेब आले मागून… खांद्यावर हात ठेवलाय, की कॉलर धरलीये? त्या पंचामुळे दिसत नाहीये मला. काय म्हणतायत?… सांगा ना!

अहो, जाहिरात लागली! हॅलो?… हॅलो?