डाव्या दाराचा पत्रा

—एकाहत्तर नाही, बहात्तर. चुकतेस तू. एकोणीसशे बहात्तर, थंडी सरली होती आणि उन्हाळा लागायचा होता, तेव्हा तुझ्या वडिलांनी ही गाडी दोरी बांधून त्यांच्या गाड्या दुरुस्तीच्या कारखान्यात ओढत आणली. मागून ढकलत कोण होतं? मीच होतो, म्हणून मला माहीत. तू मागच्या सीटवर उभी राहून काचेतून मला जीभ काढून दाखवत होतीस. पाच वर्षांची कार्टी. तेव्हा ठकी म्हणायचो तुला, आता तू स्वतःच आजी झालीस, आता काय म्हणायचं? — बरं, ठकीच. बस. त्या स्टुलावर नको, त्याचा एक पाय नुसता दाखवायला आहे. टायरवर बस. कपड्यांना धूळ लागेल? लागू दे. गॅरेजात आलीस, लग्नाला नाही. चहा येतोय, ही टाकतेय. चिडलीय ती माझ्यावर. का म्हणजे? या गाडीपायी. दोन वर्षं झाली, दोरीवर वाळत घातलेल्या एकेका कपड्याला पत्र्याची पूड. "अहो, सवत आणली असतीत तर परवडलं असतं," म्हणते, "निदान धुण्याला तरी हात लावला असता तिनं." म्हणू दे.

आलीच आहेस तर बघून घे. उद्या पेंटर येतोय, एकदा रंग बसला की खालचं काही दिसायचं नाही. हे खालचं सगळं गेलं होतं — सीट काढली तर थेट जमीन दिसली, आत बसून पायांनी चालवावी अशी गाडी. हसू नकोस, खरं सांगतो. कुजका पत्रा कापून काढला, नवा कापला, वाकवला, जोडला. दारांखालच्या पट्ट्या नव्या, दोन्हीकडच्या. टपावर फांदी पडली होती ना तुमच्या अंगणात, तो खड्डा आतून लाकडी हातोडीनं उचलला, हळूहळू, महिनाभर. आणि कुठं पुट्टी नाही. पुट्टी म्हणजे काय? माती. खड्ड्यात माती भरायची, घासायची, वर रंग मारायचा — गाडी गुळगुळीत आणि गिऱ्हाईक खूश. दोन वर्षांनी पोपडे निघतात, तोवर पैसे खाऊन झालेले असतात. तुझे वडील, आमचे वस्ताद, म्हणायचे, "पुट्टी भरतो तो डेंटर नाही, गवंडी. त्यानं भिंती लिंपाव्यात." मीही म्हणत आलो जन्मभर. या रस्त्यावरच्या सगळ्या डेंटरांना तोंडावर गवंडी म्हटलं. ते मला काय म्हणाले ते तुझ्यासमोर सांगण्यासारखं नाही.

तुला सगळं माहीत आहे, तरी सांगतो. अकरा वर्षांचा होतो. सावत्र आईनं घराबाहेर काढलं, बापानं दार लावून घेतलं. तुझ्या वडिलांनी काही विचारलं नाही. जेवलास का, एवढंच विचारलं. तुमच्या घरात, तुमच्या ताटांशेजारी माझं ताट. आणि काम शिकवलं. कसं? माझा हात धरून. पत्र्यावर धुवून विरलेलं सुती फडकं ठेवायचे, त्यावर माझा पंजा, माझ्या पंजावर त्यांचा पंजा. "गाडीकडं बघू नको, भिंतीकडं बघ. डोळा खोटं बोलतो." मग फिरवायचे — सावकाश, लांब. चुकून पडलेली रेतीसुद्धा डोंगरासारखी लागते फडक्याखाली. मला हात दिला त्यांनी. पोट भरलं ते त्या हातावर, हे घर बांधलं ते त्या हातावर. आणि शेवटी अंथरुणावर होते, ट्रकनं मागे येताना या गाडीचं डावं दार चेपलं होतं, तेव्हा मला म्हणाले, "सवडीनं कर. पण माझ्या गाडीत माती घालू नकोस." जन्मात एवढं एकच मागितलं. मी म्हटलं, वस्ताद, शब्द.

मग बारा वर्षं का लावलीस, असं तू विचारणार. विचारलं नाहीस, पण विचारणार. दारात गिऱ्हाईक उभं, काय करू? आज करू, उद्या करू. वस्तादांची गाडी कुठं पळून जातेय? दहा वर्षं ताडपत्रीखाली होती. — असो.

बॉनेटला हात लाव. लाव की! फडकं ते खिळ्यावर आहे. कसं आहे? तसंच असणार. मडगार्ड बघ. बरं, टप राहू दे, हात पोचणार नाही तुझा. — तिकडं कुठं निघालीस? डावं दार झालंय. प्रायमर ओला आहे. नाही, ओला नाही, पण राहू दे — बरं, लाव, तुझ्या बापाची गाडी, मी कोण अडवणारा. झालं? थांबलीस का? हात का थांबला तुझा तिथं? — काही नाही तिथं. काही नाही म्हणतो ना. सावली पडली असेल. — डोळे मिटलेत तुझे. हो. मग सावली कुठली.

चहा आला, चहा घे. दे गं इकडं. — काय झालं? ओरडायला काय झालं तुला? — गरम आहे? असेल. कपाचा कान धरायचा तो मी सगळा कप धरला, त्यात काय एवढं. आता हिनं तुझ्यासमोर बोलायची काही गरज होती? ऐकलंस ना? "त्यांच्या बोटांना कळत नाही आता." आणि कप ठेवून चालती झाली. वा. पन्नास वर्षांचा संसार आणि एका वाक्यात माणूस उघडा.

साखर. डॉक्टर म्हणतो साखर. आधी पाय, मग बोटं. मुंग्या यायच्या, मग मुंग्याही गेल्या. मागच्या महिन्यात गॅसची ज्योत लावून पत्रा तापवत होतो, हे बोट — हे बघ — वास आला तेव्हा कळलं की बोट आपलं आहे. कुणाला सांगणार? डेंटरचा हात गेला म्हणजे गवयाचा गळा गेला. बाकीचं काम झालं होतं गं आधी, टप, मडगार्ड, बॉनेट, तेव्हा थोडं कळत होतं. दार शेवटी ठेवलं. अवघड म्हणून शेवटी ठेवलं. हात होता तेव्हा सवड नव्हती, सवड झाली आणि हात गेला. ठोकलं. कळेना, म्हणून आणखी ठोकलं. पत्रा जास्त ठोकला की ताणतो, फुगतो, दाबलं की टक्कन आत आणि सोडलं की टक्कन बाहेर, डब्याच्या झाकणासारखा. मग काय केलं? आत दाबून टाकला आणि वर — हो. जिथं तुझा हात थांबला तिथं. पुट्टी. शेजारच्या रस्त्यावरून आणली, आमच्या दुकानदाराकडं मागायला तोंड नव्हतं. रात्रभर झोप नाही. उद्या रंग लागला असता तर कुणाला कळलं असतं? कुणाला नाही. तू गाडी घेऊन गेली असतीस, लोकांनी वा वा केलं असतं. वस्ताद काय उठून हात फिरवणार होते?

पण तुला कसं कळलं? नाही, थांब. हे सांग आधी. पेंटरला दाखवलं काल, त्यानं हात फिरवला, "एक नंबर, काका," म्हणाला. गाड्या रंगवण्यात केस पांढरे झाले त्याचे. तुला कुणी शिकवलं? — कोण? — संध्याकाळी? मी माझ्या बिऱ्हाडी गेल्यावर? — किती वर्षं?

अस्सं. फडकं ठेवून, हातावर हात ठेवून. तस्संच.

तू कारखान्याच्या दारात येऊन उभी राहायचीस, आणि मी हाकलायचो. आठवतंय मला. "जा घरात, हे पोरींचं काम नाही." वस्ताद समोर असायचे, एक शब्द बोलायचे नाहीत मला. मी समजायचो, पटतंय त्यांना. आणि शटर ओढलं की तुला शिकवायचे. मला कधी सांगितलं नाही. का? मी चिडेन म्हणून? — चिडलो असतो. खोटं कशाला बोलू. आताही — आताही काय बोलू मी? मला वाटत होतं एकट्या मला दिलंय त्यांनी ते. साठ वर्षं तेवढ्यावर मान ताठ ठेवली. — रडू नकोस, मी काही बोललो नाही तुला. मी पत्र्याशी बोलतोय.

ऊठ. ऊठ म्हणतो ना! चहा राहू दे. बाह्या वर कर. पेंटर गेला खड्ड्यात, येईल नाहीतर परवा. हे घे, खरवड. नको, मी खरवडतो, तू दार धर. — बघ थर, बघ. लाज आहे ती. जमिनीवर पडू दे, ही झाडेल आणि बोलेल. आता फडकं घे. भिंतीकडं बघ. कुठं फुगलंय? नेमकं सांग. "इथं कुठंतरी" असं नाही, डेंटिंगमध्ये कुठंतरी नसतं. खडू घे, गोल काढ. एवढा मोठा? लहान कर. हं. मागे सरक, ज्योत लावतो. — माझ्या बोटाकडं बघू नकोस, पत्र्याकडं लक्ष ठेव आणि माझं बोट जवळ गेलं तर ओरड. लाल झाला? ओलं फडकं दे. — चर्र! हा आवाज ऐकलास? आवाज कळतो मला अजून, कान आहेत. पत्रा आक्रसला. आता फिरव. आहे अजून? किती? केसाएवढा? केस म्हणजे जाड की बारीक? वस्तादांची पोर आहेस, नीट बोल. — मागून लोखंडी ठोकळा मी धरतो, तू माझं मनगट धरून जागेवर ने. जरा वर. बास. — ठोकू? — हळू ठोकतोय, मला शिकवू नकोस. — बरं, शिकव.

पुन्हा तापवू? कुठं? खालच्या कडेला? मला तिथं काही वाटत नाही. — मला कुठंच काही वाटत नाही, हो, माहीत आहे, बोलायची काय गरज आहे. खडू मार. — चर्र. — फिरव.

लांब फिरव. वरून खाली. आता आडवा. कडेपर्यंत ने, बिजागरीपाशी पण. सावकाश. मला बरं वाटावं म्हणून काही बोलशील तर बघ. परत एकदा. — काही नाही? — कुठंच नाही? — दाब बरं अंगठ्यानं. आवाज नाही. हं. आवाज नाही.

म्हणजे सरळ आहे.

तुझ्या तोंडानं सांग, माझ्या नाही. — बरं. फिटलं मग वस्तादांचं देणं. ही किल्ली घे, रंग लागला की गाडी न्यायला ये. आमची ही जेवायला थांब म्हणेल, थांबू नकोस. जा.