मोत्याच्या काखेतल्या गाठी

पांढरकवड्याच्या जनावरांच्या दवाखान्यात निशिगंधा मांजराची टोपली मांडीवर घेऊन बसली होती. कान मात्र शेजारच्या म्हाताऱ्या नवरा-बायकोकडे. त्यांच्या झुबकेदार कुत्र्याला डॉक्टरांनी नुकतंच तपासलं होतं.

“काखेत अन् कानामांगं नुसत्या केसाच्या गाठी म्हनते डॉक्टर. तुमी त रोज अर्धा घंटा गच्चीवर ब्रश मारता ना मोत्याले?”

“मारतो ना, कौसल्या. पाठ पाह्य, कशी चमकून राह्यली.”

“पाठच. एका हातानं तेवढंच होते. दुसऱ्या हातात काय राह्यते?”

“पट्टा.”

“पट्टा त खाली खुटीले राह्यते. फोनवर कोनासंग बोलता?”

“कोनासंगच नाई.”

“मंग मी जिन्यात आली का आवाज काहून बदलते? कोन बाई हाय?”

“या वयात?”

“नाव सांगा.”

“सुरभी.”

“आपली पोरगी?”

“तिनं मनानं लगन केलं तवा तूच म्हनली, तिचं नाव घरात काढाचं नाई. म्हनून गच्चीवर जातो.”

बाई बराच वेळ मोत्याच्या काखेतली गाठ बोटांनी सोडवत राहिली.

“मी काई तिच्यासंग बोलनार नाई. पन आजपासून ब्रश मी मारीन. तुमी नुसता फोन धरजा. आवाज मोठा ठेवजा.”